पडीक जागांचे पाहुणे

माझं गाव कोकणातलं. दिवाळी उलटली, भात कापून उडव्या रचून झाल्या, की शेतं उघडी पडायची. मग एखाद्या संध्याकाळी घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन खाली उतरायचे. शेतात वाघर लावून मेंढरं बसवायची, दोन-तीन रात्री झाल्या की पुढच्या शेतात जायचं, असा त्यांचा क्रम. आमचे अब्बा त्यांना धनगर कधी म्हणत नसत. ‘पाहुणे आले’ असंच म्हणत. पाहुणे निघताना अब्बा कणगीतलं भात काढून पायलीनं मोजून त्यांच्या पदरात घालायचे. मला लहानपणी याचं नवल वाटे. शेत आपलं, चरली त्यांची मेंढरं, आणि वर भातही आपणच द्यायचं? एकदा मी विचारलंच. अब्बा म्हणाले, “ती जे ठेवून गेलीत ते पुढच्या साली तुझ्या ताटात येणार आहे. त्याचं मोल आजच चुकतं केलेलं बरं.”

आज मला बोलायचं आहे ते शहरांबद्दल. शहरातल्या रिकाम्या पडलेल्या जागांबद्दल. बंद पडलेला कारखाना, पाडायला काढलेली चाळ, वापरात नसलेलं स्टेशन किंवा विमानतळ. जुनं संपलेलं असतं आणि नवं सुरू झालेलं नसतं, असा एक मधला काळ या जागांच्या वाट्याला येतो. कधी दोन वर्षांचा, कधी तीस वर्षांचा. त्या काळात कुणीतरी तिथं येतं, झाडलोट करतं, दिवा लावतं. जर्मन भाषेत याला एक शब्दच आहे, ट्स्विशेननुट्सुंग. ट्स्विशेन म्हणजे मधे, नुट्सुंग म्हणजे वापर. मधल्या काळातला वापर. काही वर्षांपूर्वी मुलीकडे बर्लिनला गेलो तेव्हा हा शब्द माझ्या कानावर पडला आणि मला थेट आमच्या शेतातली मेंढरं आठवली. तेव्हापासून एकच प्रश्न मनात आहे. शहरात मेंढरं बसतात, जमीन कसदार होते, पण निघताना पायलीभर भात कोण मोजून देतं?

बर्लिनचंच उदाहरण घेतो, कारण गेल्या साठ-सत्तर वर्षांत तिथं जेवढ्या रिकाम्या जागा निर्माण झाल्या आणि त्यांचे जेवढे प्रयोग झाले, तेवढे क्वचितच दुसऱ्या शहरात झाले असतील. दुसऱ्या महायुद्धानं शहर बेचिराख केलं. त्यातून उठतंय तोवर १३ ऑगस्ट १९६१ रोजी शहराच्या मधोमध भिंत उभी राहू लागली. पूर्वेकडून रोज कामाला येणारे हजारो मजूर एका रात्रीत थांबले. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानशी मजूर आणण्याचा करार केला. या मजुरांना नाव मिळालं ‘गास्टआर्बायटर’, म्हणजे पाहुणे कामगार. करारात अट होती की पाहुण्यानं दोन वर्षं राहावं आणि परत जावं. पण शिकवून तयार केलेला माणूस दोन वर्षांत घालवणं कारखानदारांनाच परवडेना, म्हणून १९६४ मध्ये ही अट काढून टाकण्यात आली. नाव मात्र तेच राहिलं.

या पाहुण्यांना घर कोण देणार? पश्चिम बर्लिनमध्ये क्रॉइत्सबेर्ग नावाचा एक भाग आहे. भिंत झाली तेव्हा त्याचा पूर्वेकडचा तुकडा जवळजवळ तीन बाजूंनी कोंडला गेला. १९६३ मध्ये शहरानं पुनर्विकासाचा मोठा कार्यक्रम जाहीर केला. जुन्या वाड्यांसारख्या दाट चौकांच्या इमारती पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे, नव्या उंच इमारती बांधायच्या. इमारत पाडायचीच आहे म्हटल्यावर घरमालकांनी डागडुजी थांबवली. जुने भाडेकरू निघून गेले. पाडापाडी सुरू व्हायला मात्र वर्षानुवर्षं लागणार होती. मग त्या मधल्या काळापुरती ही घरं तुर्की कुटुंबांना भाड्यानं देण्यात आली. कोळशाची शेगडी, जिन्यावरचा सामाईक संडास, भिंतींना ओल. तात्पुरत्या घरात तात्पुरता माणूस, असा हिशेब होता.

हिशेब चुकला. १९७३ मध्ये नवीन मजूर आणणं थांबलं. जे होते त्यांना कळलं, की आपण परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही. त्यांनी बायकामुलांना बोलावून घेतलं. गल्लीत भाजीची दुकानं निघाली, मशिदी झाल्या, पोरं शाळेत जाऊ लागली. १९८०-८१ च्या सुमारास याच भागात आणि आसपास जर्मन तरुण-तरुणी रिकाम्या इमारतींची कुलपं तोडून राहू लागली. त्यांचं म्हणणं असं, की शहरात लोकांना घरं नाहीत आणि इथं धडधाकट घरं पाडण्यासाठी रिकामी ठेवलीत. पश्चिम बर्लिनमध्ये दीडशेहून अधिक घरं अशी ताब्यात घेतली गेली. हे तरुण नुसते राहिले नाहीत, त्यांनी छपरं दुरुस्त केली, खिडक्या बसवल्या.

अखेर शहराला आपला बेत बदलावा लागला. हार्ट-वाल्टेर हेमर या वास्तुविशारदाच्या पुढाकारानं ‘सांभाळून पुनर्विकास’ अशी एक दिशा मांडली गेली. तिची बारा सूत्रं १९८३ मध्ये शहराच्या प्रतिनिधिगृहासमोर आली. जे राहतात त्यांच्याशी बोलून, त्यांच्यासाठी दुरुस्ती करायची आणि शक्यतो काही पाडायचं नाही, असा त्यांचा गाभा. क्रॉइत्सबेर्गच्या त्या जुन्या इमारती आज दिमाखात उभ्या आहेत. त्या टिकल्या, कारण मधल्या काळात कुणीतरी त्यांत चूल पेटती ठेवली होती.

याच क्रॉइत्सबेर्गमधली एक गोष्ट मला फार आवडते. मूळ सरहद्दीची रेघ एका ठिकाणी वाकडी होती. भिंत बांधणाऱ्यांनी वळण टाळून ती सरळ नेली. त्यामुळे साडेतीनशे चौरस मीटरच्या आसपास एक त्रिकोणी तुकडा मालकीनं पूर्वेचा, पण भिंतीच्या पश्चिमेला राहिला. पूर्वेचे लोक तिथं येत नसत, पश्चिमेच्या पालिकेला हात लावायचा अधिकार नाही. साहजिकच तिथं कचरा साठला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अनातोलियातून आलेले उस्मान कालिन नावाचे एक उतारवयातले गृहस्थ फावडं घेऊन तिथं गेले. त्यांनी कचरा काढला, माती भुसभुशीत केली, कांदा-लसूण लावला. मोडक्या फळ्या, जुनी दारं, फेकलेलं सामान जमवून एक खोपट उभारलं. पूर्वेच्या सैनिकांना शंका आली, की हा म्हातारा भुयार खणतोय की काय. त्यांनी येऊन पाहिलं. कांद्याचे वाफे पाहून ते परत गेले आणि म्हाताऱ्याला राहू दिलं.

९ नोव्हेंबर १९८९ ला भिंत पडली. पलीकडचं राज्य नाहीसं झालं, त्याचं चलन गेलं, त्याचं सैन्य गेलं. कांद्याचे वाफे राहिले. आता मात्र दोन्हीकडची जमीन एकाच देशाची झाल्यानं जागा कुणाच्या हद्दीत, हा प्रश्न निघाला. ती काढून टाकण्याचेही प्रयत्न झाले. अखेर २००४ मध्ये तो तुकडा क्रॉइत्सबेर्गच्या प्रशासनाकडे आला आणि त्यांनी कालिन यांना तिथं राहू दिलं. २०१८ मध्ये नव्वदी ओलांडून ते वारले. मी गेलो तेव्हा खोपट तसंच होतं, दुमजली, जरा कललेलं. मी मुलीला विचारलं, “याचा काही कागद असेल का गं?” ती हसली. म्हणाली, “बाबा, तुम्हाला सगळीकडे आधी कागदच आठवतो.” मी काही बोललो नाही. कागद नसलेल्या माणसाला झोप कशी लागते, हे ज्याचं त्यालाच माहीत.

भिंत पडल्यावर पूर्व बर्लिनमध्ये रिकाम्या जागांचा पूर आला. तिथल्या सरकारनं शहराच्या कडेला नव्या वसाहती बांधल्या होत्या आणि मधल्या जुन्या इमारती कुजत ठेवल्या होत्या. कारखाने बंद पडले. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे मालक कोण, हेच ठरेना. कित्येक इमारती मुळात ज्यू कुटुंबांच्या, नाझींनी बळकावलेल्या. नंतर साम्यवादी सरकारनं सार्वजनिक केलेल्या. आता वारसांचे अर्ज आले, दावे चालले, त्यात वर्षं गेली. एखाद्या शहराच्या काळजातच मोकळ्या जागा का पडून राहतात, याच्यामागे बहुधा असा कुठला तरी जुना अन्याय असतो.

या जागांत तरुण शिरले. ओरानियेनबुर्गर रस्त्यावर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बांधलेल्या एका भव्य बाजार-इमारतीचा भग्न भाग उभा होता. तोही पाडायचा ठरला होता. १३ फेब्रुवारी १९९० ला कलावंतांनी तो ताब्यात घेतला आणि त्याला ‘टाखेलेस’ हे नाव दिलं. यिडिश भाषेतल्या या शब्दाचा अर्थ, आडपडदा न ठेवता बोलणं. तिथं चित्रशाळा निघाल्या, नाटकं झाली, सिनेमे लागले. पलीकडे लाइपत्सिगर रस्त्यावर युद्धाआधीच्या एका प्रचंड दुकानाची तळघरातली तिजोरीची खोली सापडली. मार्च १९९१ मध्ये तिथं ‘ट्रेझोर’ नावाचा संगीत क्लब सुरू झाला. आज बर्लिनच्या ज्या संगीतावर जगातले तरुण लुब्ध आहेत, त्याचा पाळणा अशा तळघरांत हलला.

काही वर्षांनी सरकारी कचेऱ्यांच्याही लक्षात आलं, की हा नुसता दंगा नाही. २००१ ते २००३ या काळात युरोपीय संघाच्या मदतीनं ‘अर्बन कॅटलिस्ट’ नावाचा अभ्यास झाला. पाठोपाठ २००७ मध्ये बर्लिनच्या नगरविकास खात्यानंच अशा तात्पुरत्या वापरावर पुस्तक काढलं. व्यवहार साधा होता. जागा रिकामी असली तरी मालकाला राखणदार लागतो, विमा लागतो, पडझड बघावी लागते. तात्पुरता माणूस आत आला की त्याचा वावर हीच राखण. त्यानं भाडं नाममात्र द्यायचं किंवा फक्त वीज-पाण्याचा खर्च करायचा. बदल्यात एकच अट, सांगितलं की निघायचं.

आणि नेमकी इथंच गोम आहे. ओसाड गल्लीत चित्रकार आला, मग चहाचं दुकान आलं, मग प्रवासी आले, मग हॉटेल आलं. जागेचा भाव चढला. भाव चढवला पाहुण्यानं, आणि भाव चढला म्हणून निघायची पाळीही पाहुण्यावरच. टाखेलेसची इमारत १९९८ मध्ये विकली गेली, कलावंतांना नाममात्र भाड्यावर दहा वर्षं मिळाली, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये शेवटचे लोकही बाहेर काढले गेले. ट्रेझोरला २००५ मध्ये जुनी जागा सोडावी लागली. पूर्व जर्मनीच्या संसदेचा ‘प्रजासत्ताकाचा प्रासाद’ ॲस्बेस्टॉसमुळे १९९० मध्ये बंद झाला होता. २००४ मध्ये त्याच्या सांगाड्यात कलावंतांनी पाणी सोडलं आणि लोकांना रबरी होड्यांतून फिरवलं. लोकांनी गर्दी केली, पण प्रासाद पाडायचा निर्णय आधीच झाला होता. २००६ ते २००८ मध्ये तो पाडला गेला. मधल्या काळाचं कौतुक सगळे करतात, पण निर्णयाच्या बैठकीत त्याला खुर्ची नसते.

यात आणखी एक कडू गोष्ट आहे, तीही सांगितली पाहिजे. हे कलावंत बहुतेक शिकलेले, गोरे, तरुण. त्यांच्यामुळे वाढलेल्या भाड्याचा चटका क्रॉइत्सबेर्ग आणि नॉइक्योल्नमधल्या तुर्की व अरब कुटुंबांना बसला. म्हणजे एका पाहुण्यानं दिलेल्या खतावर तिसऱ्याचंच पीक आलं आणि दुसऱ्या पाहुण्याचं घर गेलं. कवी-चित्रकारांनी स्वतःला निर्दोष समजू नये, एवढ्यासाठीच हे सांगतो. मीही त्याच जातीचा आहे.

मग पायलीभर भात कधीच मिळालं नाही का? मिळालं, पण जिथं लोकांनी मागितलं तिथंच. मॉरिट्सप्लाट्स या चौकात युद्धात उद्ध्वस्त झालेल्या दुकानाची जागा साठ वर्षं पडीक होती. २००९ मध्ये तिथं काही जणांनी बाग केली. जमिनीवर हक्क नाही, म्हणून रोपं लावली पावाच्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये आणि तांदळाच्या गोण्यांत. उद्या निघायला सांगितलं तर बाग उचलून नेता यावी! त्यांच्या संस्थेचं नावच ‘नोमाडिश ग्र्यून’, म्हणजे भटकी हिरवाई. हे नाव ऐकलं तेव्हा वाघर खांद्यावर टाकून निघालेला धनगर माझ्या डोळ्यांसमोर आला. २०१२ मध्ये शहर ती जमीन विकणार अशी चिन्हं दिसली, तेव्हा तीस हजारांवर लोकांनी सह्या केल्या आणि विक्री थांबली. पुढे २०१९ च्या अखेरीस या संस्थेनं आपला मुक्काम नॉइक्योल्नच्या एका जुन्या दफनभूमीत हलवला, पण चौकातली जमीन सार्वजनिकच राहिली. श्प्रे नदीच्या काठावर एका तात्पुरत्या क्लबच्या माणसांनी सहकारी संस्था काढली. २०१२ मध्ये एका स्विस पेन्शन संस्थेनं जमीन घेऊन त्यांना दीर्घ मुदतीच्या पट्ट्यानं दिली. कालचे पाहुणे तिथं कागदासकट नांदू लागले.

सर्वांत मोठी लढाई झाली टेम्पेलहोफच्या विमानतळावर. हा विमानतळ ३० ऑक्टोबर २००८ ला बंद झाला. सुमारे तीनशे हेक्टर मैदान. आपलं शिवाजी पार्क पंचवीस वेळा मावेल एवढं. ८ मे २०१० ला ते लोकांसाठी खुलं झालं, तेही पुढचा बेत ठरेपर्यंत. लोक धावपट्टीवर सायकली चालवू लागले, पतंग उडवू लागले. २०११ पासून एका कोपऱ्यात लाकडी पेट्यांत भाज्या पिकू लागल्या. शहराचा बेत असा, की मैदानाच्या कडेनं सुमारे ४,७०० घरं आणि एक मोठं ग्रंथालय बांधायचं. लोकांनी जनमत मागितलं. २५ मे २०१४ ला मतदान झालं आणि ६४.३ टक्के मतं ‘काही बांधू नका’ या बाजूनं पडली. मैदान मोकळं ठेवण्याचा कायदा झाला. घरटंचाई वाढत गेली तशी या निर्णयावर टीकाही झाली, आणि ती सगळी चुकीची म्हणवत नाही. ज्याला घर नाही त्याला मोकळ्या मैदानाचं कौतुक किती सांगणार? २०१५ च्या अखेरीस सीरिया आणि इतर देशांतून आलेल्या निर्वासितांना याच विमानतळाच्या हँगरांत आसरा दिला गेला. त्यांच्या तात्पुरत्या घरांसाठी २०१६ मध्ये त्या कायद्यातही दुरुस्ती करावी लागली.

मैदानाला लागूनच एक मशीद आणि जुनं मुस्लिम कबरस्तान आहे. मी जुम्म्याच्या नमाजाला तिथं गेलो होतो. १७९८ मध्ये उस्मानी साम्राज्याचे राजदूत अली अझीझ एफेंदी बर्लिनमध्ये वारले, तेव्हा प्रशियाच्या राजानं त्यांच्या दफनासाठी जमीन दिली. पुढे त्या जागी लष्कराच्या बराकी बांधायच्या ठरल्या आणि १८६६ मध्ये कबरी इथं हलवल्या गेल्या. राजानं दिलेली जमीन, तीही मृतासाठी, आणि तरी उठावं लागलं. नमाज संपवून बाहेर आलो तर मैदानावर पतंग उडत होते. मनात आलं, कायमचं असं काही नसतंच, प्रश्न इतकाच की उठवताना पुढची जागा दिली की नाही.

हे सगळं ऐकताना मुंबई आठवल्याशिवाय राहत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप कधी संपला हे कुणी जाहीर केलं नाही. गिरण्या मात्र एकेक करून थंडावल्या. सहाशे एकरांच्या आसपास जमीन मधल्या काळात गेली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत तोड निघाली होती की विकासाला काढलेल्या जमिनीचा एक तृतीयांश भाग शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक तृतीयांश मालकासाठी. म्हणजे कागदावर भात मोजून ठेवलेलं होतं. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त गिरणीतल्या मोकळ्या जागेपुरती उरली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो बदल ग्राह्य धरला. दरम्यान जुन्या शेडमध्ये काय आलं? बोलिंगचे खेळ, डिस्को, जाहिरात कंपन्यांची ऑफिसं. मधला वापर इथंही झाला, पण ज्यांनी त्या शेडमध्ये पाळ्या केल्या होत्या ते फाटकाबाहेर. कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघायला २०१२ साल उजाडलं, आणि घरांपेक्षा अर्ज कितीतरी पट होते. बर्लिनमध्ये रिकाम्या गिरणीच्या आत शिरता येत होतं. परळ-लालबागच्या माणसाला आपल्याच गिरणीच्या आत जायला तिकीट काढावं लागलं.

शहर बदलतं, बदललंच पाहिजे. प्रत्येक मोडकं खोपट जपा, असं मी म्हणत नाही. पण पुनर्विकासाच्या आराखड्यात मधल्या काळाचाही एक रकाना असावा. पडीक जागेत जो दिवा लावेल त्याच्याशी आधीच ठरवून टाकावं, की किती दिवस, निघताना काय, आणि पुढे कुठे. हे ठरवणं फार अवघड नसतं. आमच्या गावात ते बिनकागदाचं ठरत होतं.

अब्बांना जाऊन बरीच वर्षं झाली. गावातली निम्मी शेतं आता पडीक आहेत. काहींना कुंपण पडलंय, कुंपणावर शहरातल्या मालकाची पाटी. धनगर अजून येतात, पण मेंढरं कुठं बसवायची हे आता कुणाला विचारायचं, तेच त्यांना कळत नाही. गेल्या हिवाळ्यात एकानं मला रस्त्यातच गाठलं. “पावणं, ह्या रानाचं मालक कोण?” मी पाटीकडे बोट दाखवलं. त्याला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं, ‘प्रवेश बंद’. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, “पर जिमीन तर उपाशीच हाय की.”